नोकरी आहे तोवर करून ठेवायची तयारी

सकाळी साडेदहाला एचआरने बोलावलं आणि दुपारी दोनला माझा कंपनीचा मेल बंद झाला. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या भोसरीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला अकरा वर्षं काढली होती. पगार थांबणार ही भीती होतीच, पण पहिल्या आठवड्यात अडलो ते वेगळ्याच गोष्टींवर. पगारस्लिपा कंपनीच्या पोर्टलवर, आणि पोर्टल बंद. ग्राहकांकडच्या ज्या माणसांशी वर्षानुवर्षं बोललो त्यांचे नंबर कंपनीच्या सिमकार्डवर, आणि ते सिम मी जमा केलेलं. बायोडेटा लिहायला बसलो, तर अकरा वर्षांत किती रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, कमी केलं, कुठली लाइन सुधारली, हे आकड्यांत सांगता येईना.

म्हणून हा लेख नोकरीत असलेल्यांसाठी आहे, त्यातही ज्यांना नोकरीला लागून पाच-सात वर्षं झाली आहेत त्यांच्यासाठी. बहुतेक तयारी गेटच्या आत असतानाच होते; बाहेर पडल्यावर तीच कामं दसपट जड जातात. खाली ज्या क्रमाने सांगितलंय त्याच क्रमाने करा. पहिली पायरी दोन संध्याकाळींत उरकते, चौथीला वर्षं लागतात.

पहिली पायरी: कागद

या आठवड्यात एक संध्याकाळ काढा. नेमणूकपत्र, दर वर्षीची पगारवाढीची पत्रं, पदोन्नतीचं पत्र, आतापर्यंतच्या सगळ्या पगारस्लिपा, फॉर्म १६, मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत हे सगळं तुमच्या स्वतःच्या मेलवर आणि घरच्या पेन ड्राइव्हवर घ्या. हे तुमचे कागद आहेत, ते घेण्यात काहीच गैर नाही. मात्र ड्रॉइंग, कोड, ग्राहकांच्या याद्या, किमतींची पत्रकं यातलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. ती कंपनीची मालमत्ता आहे. तेवढ्या एका मेलपायी कामावरून काढलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना अनुभवपत्रही धड मिळालं नाही.

दुसरी संध्याकाळ पीएफसाठी. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, चालू आहे ना, त्याला तुमचा स्वतःचा मोबाइल जोडलेला आहे ना, हे बघा. पासबुक उघडून दर महिन्याची रक्कम जमा होते का तेही तपासा. मालकाने ती पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. आधीच्या कंपनीचा पीएफ अजून तिकडेच पडून असेल तर आत्ताच ट्रान्सफर करा. दोन नोकऱ्यांमध्ये पैसे काढून टाकायचा मोह टाळा. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढले तर कर लागू शकतो, आणि पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते.

आपल्याकडे नावांचा घोळ फार असतो. आधारवर आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं. पॅनवर वडिलांचं नाव गायब. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर तीन कागदांवर तीन नावं निघतात. पीएफमधलं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर ते नोकरीत असताना दुरुस्त करून घेणं खूप सोपं, कारण काही दुरुस्त्यांना मालकाची मंजुरी लागते आणि तो तुमचं काम करायला अजून बांधील असतो. कारखानाच बंद पडल्यावर सही कोणाची आणायची? त्याच बैठकीत ई-नॉमिनेशनही, म्हणजे पीएफसाठी वारसाचं नाव, ऑनलाइन भरून टाका.

आणखी एक. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून खरंच आणलंय का? कित्येकांकडे फक्त शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका असते. नवीन कंपनी जेव्हा पार्श्वभूमी तपासते तेव्हा ते मागते, आणि तेव्हा विद्यापीठात अर्ज करून वाट बघायला वेळ नसतो.

दुसरी पायरी: घर किती महिने चालेल

पगार किती, हे सगळ्यांना पाठ असतं. घर चालवायला महिन्याला नेमके किती लागतात, हे विचारलं की अंदाज सुरू होतात. कागदावर लिहा. पुण्यातल्या एका चौकोनी कुटुंबाचं उदाहरण घ्या: घराचा हप्ता २४ हजार, किराणा-दूध-गॅस १४ हजार, शाळा ६ हजार, वीज-मोबाइल-सोसायटी ५ हजार, आईवडिलांची औषधं ४ हजार, पेट्रोल ४ हजार, विमा ३ हजार. झाले ६० हजार. म्हणजे सहा महिन्यांचे ३ लाख ६० हजार. ही रक्कम पगाराच्या खात्यापासून वेगळ्या बँकेत, मोडता येईल अशा एफडीत ठेवा. एकदम जमणार नाही. बोनस आला की त्यातला अर्धा, आणि दर महिन्याला हप्त्यासारखी ठरावीक रक्कम, असं केलं तर दोन-तीन वर्षांत जमते.

भिशीचे पैसे यात धरू नका, कारण भिशी तुमच्या गरजेच्या महिन्यात लागेलच असं नाही. पीएफही धरू नका. तो म्हातारपणासाठी आहे.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, आणि घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. त्यामुळे कुटुंबासाठी स्वतःची वेगळी पॉलिसी आत्ताच घ्या, म्हणजे ही प्रतीक्षा पगार चालू असतानाच सरत जाईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भारही उतरला आहे. सोडायची वेळ आलीच, तर कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे शेवटच्या दिवसाच्या आत विचारा.

तिसरी पायरी: कामाची वही

हे माझ्याकडून झालं नव्हतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

दर शुक्रवारी घरी आल्यावर पंधरा मिनिटं. एक साधी वही, कंपनीच्या लॅपटॉपवरची फाइल नको. त्यात लिहायचं: या आठवड्यात कुठला प्रश्न आला, आधी परिस्थिती काय होती, मी काय केलं, नंतर काय झालं, बरोबर कोण होतं. कंपनीचे गुप्त आकडे नकोत. टक्के आणि वेळ पुरे. काही आठवडे लिहिण्यासारखं काहीच नसतं. तसंच लिहा. सलग दोन महिने कोरी पानं दिसली तर तीही एक माहितीच आहे: कंपनीचं काम तुमच्यावाचून अडत नाहीये.

या वहीचा उपयोग कसा होतो ते बघा. बहुतेकांच्या बायोडेटात असं वाक्य असतं: ‘इनकमिंग इन्स्पेक्शन आणि सप्लायर क्वालिटीची जबाबदारी सांभाळली.’ म्हणजे बाहेरून येणारा माल आणि तो पुरवणाऱ्यांचा दर्जा तपासला. वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही, कारण त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी तीच असते. वही असेल तर तेच वाक्य असं होतं: ‘१४ सप्लायरांकडून येणाऱ्या कास्टिंगमधलं रिजेक्शन दहा महिन्यांत ३.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आणलं. त्यासाठी तीन सप्लायरांच्या शॉप फ्लोअरवर जाऊन मोजमापाचे गेज बदलून दिले.’ आता समोरचा माणूस विचारतो, गेज का बदलावे लागले? आणि मुलाखत तुमच्या ओळखीच्या मैदानावर सुरू होते.

आयटीत असाल तरी हेच. प्रोजेक्टचं कंपनीतलं टोपणनाव बाहेर कोणाला ठाऊक नसतं. कुठल्या धंद्यासाठी काम होतं, रोज किती व्यवहार व्हायचे, तुम्ही हात घालण्याआधी किती वेळ लागायचा आणि नंतर किती, हे लिहा. हिंजवडीत चार वर्षं ‘सपोर्ट’ला असलेल्या एका मुलीची वही मी तिच्याबरोबर बसून मांडली. तिच्या मते तिने काहीच केलं नव्हतं. निघालं असं की रात्री दोनला करावं लागणारं एक काम तिने स्वतः स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून बंद केलं होतं, आणि त्यामुळे रात्रपाळीचा एक माणूस मोकळा झाला होता. हे तिच्या अप्रेझलमध्ये कुठेही नव्हतं.

दर सहा महिन्यांनी वहीवरून बायोडेटा नवा करा. दोन पानांत बसवा.

चौथी पायरी: माणसं

मराठी माणसाला मागायचा संकोच असतो. नोकरी गेल्यावर पाच वर्षांनी कोणाला तरी फोन करायचा आणि दुसऱ्याच वाक्यात ‘काही असेल तर सांगा’ म्हणायचं, हे जिवावर येतं. त्यावर माझ्या मते एकच उपाय आहे: काही मागायचं नसतं तेव्हा संपर्कात राहायचं.

कोणाच्या? पहिली यादी, तुमच्याच कंपनीतून सोडून गेलेल्यांची. तुम्ही काम कसं करता हे त्यांनी पाहिलेलं असतं आणि आज ते दुसरीकडे आत असतात. रेफरल म्हणतात, म्हणजे आतल्या माणसाने नाव सुचवणं, ते इथूनच येतं. दुसरी यादी सप्लायर, ग्राहक, ऑडिटला येणारे, मशिनची सर्व्हिस करणारे. सर्व्हिस इंजिनीअर आठवड्याला पाच कारखाने फिरतो. चाकणला कुठे नवी लाइन बसतेय आणि रांजणगावला कोण माणसं शोधतंय, हे जाहिरात निघण्याआधी त्याला कळलेलं असतं. तिसरी यादी कॉलेजची. हे सगळे नंबर तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये हवेत.

महिन्याला दोन फोन, एवढंच ठरवा. कोणाला बढती मिळाली, मुलगा झाला, नवी नोकरी लागली, निमित्त पुष्कळ असतात. कोणाची नोकरी गेल्याचं कळलं तर मात्र मेसेज नको, फोन करा. त्या आठवड्यात त्याला फोन करणारे फार थोडे असतात, आणि तो ते विसरत नाही. माझ्या वेळी फोन आला तो एका जुन्या सप्लायरचा. त्याची पूर्वी एक अडकलेली तक्रार मी नीट ऐकून घेतली होती, बाकी काही मोठं केलं नव्हतं. आज मी ज्या युनिटमध्ये आहे तिथे त्यानेच नाव सुचवलं.

लिंक्डइनवर खातं उघडा, फोटो साधा टाका, वहीतल्या चार ओळी तिथे लिहा. नोकरीसाठी तयार असल्याची खूण सगळ्यांना दिसू न देता फक्त नोकरभरती करणाऱ्यांना दाखवायची सोय तिथे आहे. नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइलही अधूनमधून ताजं करत जा.

पाचवी पायरी: काय शिकायचं

कोर्सच्या जाहिराती बघून कोर्स निवडू नका. आधी तुमच्याच कामाच्या, तुमच्याच शहरातल्या वीस जाहिराती वाचा आणि प्रत्येकीत काय मागितलंय ते लिहा. वीसपैकी बारा ठिकाणी जी गोष्ट आहे आणि तुमच्याकडे नाही, ती शिकायची. क्वालिटीवाल्यांना तिथे आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं अंतर्गत ऑडिट दिसेल, सॉफ्टवेअर हाताने तपासणाऱ्या मॅन्युअल टेस्टिंगवाल्यांना ऑटोमेशन.

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या मुलांनी आणखी एक प्रश्न विचारावा: मी जो भाग बनवतो तो इलेक्ट्रिक गाडीत लागतो का? ब्रेक, सस्पेन्शन, सीट, वायरिंग हार्नेस लागतात. सायलेन्सर, पिस्टन, डिझेलचा इंजेक्टर लागत नाही. इंजिनाच्या गाड्या उद्या बंद पडणार नाहीत, पण तिशीतल्या माणसाला अजून तीस वर्षं काम करायचंय. मशिनिंगचं ज्ञान मोटरच्या हाउसिंगलाही चालतं, कास्टिंगचं बॅटरीच्या पेटीलाही. त्यामुळे सगळं नव्याने शिकावं लागत नाही. एक पूल बांधावा लागतो.

आयआयटींचे आणि बंगळूरच्या आयआयएस्सीचे कोर्स एनपीटीईएल आणि ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचांवर मोफत शिकता येतात, फी असते ती परीक्षेची. डिप्लोमा किंवा आयटीआयवर थांबलेल्यांना नोकरी सांभाळून पदवी घ्यायला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पण शिकलेलं कामात वापरलं तरच त्याला वजन येतं. साहेबांकडे जाऊन ‘पुढच्या ऑडिटला मला बरोबर घ्या’ असं म्हणा. प्रमाणपत्र आणि त्या कामाची वहीतली नोंद, दोन्ही हवं.

नुसता अनुभव पुरतो असं समजू नका. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते.

वर्षातून एक मुलाखत द्या, नोकरी बदलायची नसली तरी. बाजार तुमची किंमत काय करतो हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळत नाही.

सहावी पायरी: चिन्हं वाचणं

नोकऱ्या बहुतेक वेळा एका रात्रीत जात नाहीत. तळेगावच्या जनरल मोटर्सचं उदाहरण घ्या. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवणार असल्याचं जाहीर केलं आणि तळेगावचा कारखाना फक्त निर्यातीसाठी चालू ठेवला. उत्पादन थांबलं डिसेंबर २०२० मध्ये. मध्ये साडेतीन वर्षं होती. पुढे ह्युंदाईने तो कारखाना घेतला, तेव्हा जानेवारी २०२४ उजाडला होता. तिथल्या कामगारांना दोष द्यायचा नाही. घर, शाळा, आईवडील सगळं एका जागी बांधलेलं असताना हलणं किती कठीण असतं हे मी जाणतो. पण अशी बातमी आली की वरच्या पाचही पायऱ्यांचा वेग दुप्पट करायला हवा.

छोटी चिन्हंही असतात. कंत्राटी कामगार आधी कमी होतात, ओव्हरटाइम शून्यावर येतो, सप्लायर पेमेंटसाठी फोन करू लागतात, नव्या मॉडेलचं टूलिंग दुसऱ्या प्लान्टला जातं, सोडून गेलेल्यांच्या जागा भरत नाहीत. आयटीत बेंचवरचे, म्हणजे प्रोजेक्ट नसलेले, दिवस वाढतात, किंवा अचानक पीआयपी, म्हणजे ‘ठरल्या मुदतीत काम सुधारा’ असा कागद, हातात पडतो. पगाराची तारीख सरकणं आणि पासबुकात पीएफ न दिसणं ही सगळ्यात गंभीर दोन. यातलं एखादं दिसलं तर घाबरू नका. तीन एकदम दिसली तर नवं कर्ज काढू नका आणि अर्ज पाठवायला लागा.

आणि तो दिवस आलाच तर

त्या खोलीत लगेच सही करू नका. ‘राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ असं सांगितलं जातं. राजीनामा आणि कपात (कंपनीने स्वतःहून माणसं कमी करणं) यांत कायद्याने फरक आहे. जे ‘कामगार’ या व्याख्येत बसतात आणि ज्यांची सलग एक वर्षाची सेवा झाली आहे, त्यांना कपातीत किमान एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी भरपाई म्हणून मिळते. राजीनामा लिहून दिला की हा हक्क सांगणं अवघड होतं. व्यवस्थापकीय पदावर असाल तर मुख्यतः नेमणूकपत्रातल्या अटी लागू पडतात. म्हणून तर ते पत्र पहिल्या पायरीत घरी आणायला सांगितलं. म्हणा, ‘साहेब, मला हे मेलवर द्या, मी वाचून उद्या कळवतो.’ आवाज चढवायची गरज नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशोब स्वतः करून जा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. ३० हजार आणि सात वर्षं असतील तर साधारण १ लाख २१ हजार होतात. त्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता, म्हणजे नवे एकत्रित कामगार कायदे, लागू झाल्या आहेत. त्यांत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आणि काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर देय पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. वेतनाची व्याख्याही बदलली आहे, त्यामुळे ज्यांचा बेसिक लहान आणि भत्ते मोठे आहेत त्यांनी हिशोब जाणकाराकडून तपासून घ्यावा. शंका असेल तर कामगार आयुक्त कार्यालयात जा. पगारातून ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जात असेल तर बेरोजगारी भत्त्यासाठी त्यांच्या शाखा कार्यालयात चौकशी करा.

बाहेर पडण्याआधी रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र), अनुभवपत्र, फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा, तपशील आणि पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरली जाणं, या चार गोष्टी लेखी मागा. कंपनीने तारीख भरली नाही तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःलाही भरता येते.

पहिल्या आठवड्यातच तिन्ही याद्यांमधल्या लोकांना कळवा, आणि मेसेज नेमका ठेवा: ‘नमस्कार सर, आमच्या प्लान्टमध्ये कपात झाली, त्यात मी आहे. सप्लायर क्वालिटीचा अकरा वर्षांचा अनुभव आहे, चाकण-तळेगाव-रांजणगाव कुठेही चालेल. तुमच्या माहितीत या कामाला माणूस लागत असेल तर माझा बायोडेटा सोबत आहे.’ काय येतं आणि कुठे चालेल, हे नेमकं कळलं की समोरच्याला तो पुढे पाठवणं सोपं जातं.

घरी त्याच संध्याकाळी सांगा. मी चार दिवस सांगितलं नाही. डबा घेऊन निघायचो आणि दुपारभर निगडीच्या एका बागेत बसायचो. बायकोच्या लक्षात आलं होतं, कारण डबा निम्मा परत येत होता. पाचव्या रात्री मुलं झोपल्यावर तिनेच विषय काढला. मग आम्ही खर्चाची वही उघडली, शाळा, हप्ता आणि आईची औषधं या तीन ओळींना हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि बाकीच्या ओळी एकेक करून पाहत बसलो.